चिंचोक्यांनी निवडलेली पुस्तकं

शनिवारी आईची शाळा सकाळची असायची. ती परत येईपर्यंत मी भाकरीचं पीठ काढून तवा तापत ठेवलेला असे. आमचं घर उद्यमनगराच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली आईच्या पुस्तकांचं लोखंडी कपाट, आणि रस्त्याकडच्या खिडकीतून दिवसभर आत येणारा लेथ मशीनचा आवाज. लोखंडावर लोखंड घासल्याचा तो आवाज पाहुण्यांना सोसायचा नाही. आम्हाला मात्र तो थांबला की चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. माझे वडील, अण्णा, त्यातल्याच एका कारखान्यात टर्नर होते. समोर पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा सैल झाला की थाप-थाप आवाज करायचा, आणि दर वेळी मला वाटायचं की कुणीतरी ओल्या हातानं आमचं दार वाजवतंय. अजूनही भर दुपारी कुठं गिरणी ऐकली की मी आधी दाराकडे बघते.

जेवणं उरकली की आई सतरंजी अंथरायची आणि बायका यायला लागायच्या. गल्लीत त्याला पुस्तकांची भिशी म्हणत. सुरुवात केली ती कमलकाकूनं. ती शेजारच्या घरातली, आवाज असा की गिरणीच्या वरताण. एकदा आईला म्हणाली होती, "बाई, वर्गातल्या पोरास्नी रोज गोष्टी सांगता, मग आमीच काय पाप केलंय?" त्यानंतरच्या शनिवारी आईनं एक कादंबरी मोठ्यानं वाचायला घेतली आणि मग ते थांबलंच नाही. काही बायकांना वाचता यायचं, काहींना अडखळत यायचं, पण ऐकायला सगळ्या सारख्याच तयार. मधे चहा आणि भडंग. भडंगातला लसूण दाताखाली आला की वाचणाऱ्या आईच्या आवाजातही तो कुरकुर करायचा.

एक पुस्तक संपलं की पुढचं कुठलं, हे ठरवायची पद्धत आईनं शाळेतल्यासारखी घालून दिली होती. ज्या बाईच्या मनात पुस्तक असेल तिनं नाव सांगायचं आणि त्यात काय आहे ते थोडक्यात सांगायचं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर प्रत्येक पुस्तकाची एक वाटी मांडायची. मग प्रत्येकीनं एकटीनं आत जायचं, हातातला चिंचोका हव्या त्या वाटीत टाकायचा आणि काही न बोलता बाहेर यायचं. ज्या वाटीत चिंचोके जास्त, ते पुस्तक पुढं. एरवी घरात ज्यांना कुणी मत विचारत नव्हतं त्या बायका आत जाताना पदर सारखा करून जायच्या. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेले तेव्हा आईनं माझ्याही तळहातावर एक चिंचोका ठेवला आणि म्हणाली, "आता तुझंबी मत."

ज्या पुस्तकांची ही गोष्ट आहे त्यांची नावं मी इथं लिहिणार नाही. साधी पुस्तकं होती, कुठल्याही वाचनालयात मिळणारी. पण नावं लिहिली तर पुढं ज्याच्या हातात ती पडतील तो ती माझ्या डोळ्यांनी वाचेल, आणि ते मला नको आहे.

त्यातलं पहिलं पुस्तक कमलकाकूनं सुचवलं होतं. तिचा नवरा एसटीत ड्रायव्हर, गडहिंग्लजच्या गाडीवर. आठवड्यातल्या काही रात्री तिकडेच मुक्कामी असायचा. काकूनं सुचवलेल्या कादंबरीत एका माणसाचे दोन गावांत दोन संसार होते, आणि पहिल्या बायकोला ते शेवटापर्यंत कळत नव्हतं. "भारी हाय म्हणत्यात," एवढंच ती बोलली. पुस्तक निवडलं गेलं. आई वाचायची तेव्हा काकू भिंतीला टेकून बसायची आणि मधूनच त्या पुस्तकातल्या बाईला शिव्या घालायची, "आगं आंधळी हाईस काय!" बायका हसून हसून लोळायच्या. पुस्तक संपलं, आणि त्याच महिन्यात काकूचा नवरा आपले कपडे घेऊन गडहिंग्लजला निघून गेला. तिथं त्याची बायको होती, मुलगाही होता. शेजारी आरडाओरडा झाला नाही. काकूच्या घरातून आवाज येत नाही हीच सगळ्यात भयंकर गोष्ट होती. गल्लीतल्या बायका हळूच म्हणाल्या, अगदी पुस्तकातल्यासारखं झालं बघा. तेव्हा ते नुसतं बोलणं होतं.

मग पावसाळा आला. त्या शनिवारी ढग इतके खाली आले होते की दुपारीच दिवा लावावा लागला. बायका गलका करत होत्या. एकीचं ऐकून घेईपर्यंत दुसरी बोलत होती, आणि मी स्वयंपाकघरात नावं ऐकून वाट्या मांडत होते. एक, दोन, तीन. मग मला आणखी एक नाव ऐकू आलं. सावकाश, स्पष्ट उच्चारलेलं, आणि त्यामागून, "नदीकाठच्या माणसांची गोष्ट हाय." मी चौथी वाटी मांडली. बायका एकेक करून आत आल्या, गेल्या. मीही माझा चिंचोका टाकला. शेवटी आई बघायला आली तर तीन वाट्या रिकाम्या होत्या आणि सगळे चिंचोके चौथीत. असं आधी कधी झालं नव्हतं. आई खूश झाली. बाहेर जाऊन म्हणाली, "एकमतानं हे नदीचं. कुणी सांगितलंवतं?"

कमलकाकू म्हणाली, "मी न्हाई. मला वाटलं हौसाक्का."

हौसाक्का सीमेकडच्या एका खेड्यातली. धिप्पाड, हसरी, बोलण्यात निम्मं कानडी. ती म्हणाली, "मी कशाला? मला पुस्तकांची नावं तरी येत्यात व्हय? मालतीताई बोलल्या."

मालतीताई कोपऱ्यावरच्या बंगल्यात राहायच्या, मऊ आवाजात बोलायच्या. त्याही नाही म्हणाल्या. एकेक करत सगळ्याच नाही म्हणाल्या, आणि मग हसल्या, कारण त्यात न हसण्यासारखं तेव्हा काहीच नव्हतं. वाचनालयात ते पुस्तक मिळालं. कव्हरवर घाटाच्या पायऱ्यांचं चित्र होतं.

दोन-तीन शनिवार वाचन झालं. पंचगंगा वाढत होती. आमच्याकडे पूर आला की माणसं सहकुटुंब पाणी बघायला जातात, कणसं खात उभी राहतात. हौसाक्काचा धाकटा भाऊ गावाकडून तिला भेटायला आला होता. ती त्याला कानडीत तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायची, म्हणून आम्हीही तम्माच म्हणायचो. सकाळी आमच्या दारात उभा राहून त्यानं मला विचारलं होतं, "काय पावणं, पाणी बघायला येणार काय?" माझं प्रॅक्टिकल होतं. तो एकटाच गेला आणि परत आला नाही. संध्याकाळी घाटाच्या वरच्या पायरीवर त्याच्या चपला सापडल्या. नीट शेजारी शेजारी ठेवलेल्या, पुढची टोकं पाण्याकडे नाही, वर रस्त्याकडे केलेली. पाण्यातून कुणीतरी वर येऊन त्या घालणार आहे, अशा. हे मला अण्णांनी सांगितलं. तेही शोधायला गेले होते.

तम्मा सापडलाच नाही. पुढच्या शनिवारी वाचन नव्हतं. आई सवयीनं सतरंजी अंथरून बसली, मग एकटीच पुस्तक उघडून पुढं काय आहे ते वाचू लागली. मी समोर तांदूळ निवडत होते. काही वेळानं तिचं पान उलटणं थांबलं. मी वर बघितलं.  तिनं पुस्तक मिटलं, कपाटात पुस्तकांच्या मागं सरकवलं आणि तोंड धुवायला गेली. मी पुस्तक बाहेर काढलं, ते पान शोधलं आणि वाचलं. एक माणूस पूर बघायला जातो. वरच्या पायरीवर त्याच्या चपला सापडतात, शेजारी शेजारी, रस्त्याकडे तोंड केलेल्या. बाहेर गिरणीचा पट्टा थाप-थाप करत होता. मी तांदूळ तसेच सोडून अंगणात जाऊन उभी राहिले. उजेडात, माणसांच्या नजरेत.

आईनं ते पान कुणाला दाखवलं नाही, पण परत केल्यावर वाचनालयातून ते पुस्तक आणखी कुणी नेलं असेल, कारण महिन्याभरात सगळ्या गल्लीला ते माहीत झालं. भिशी चालू राहिली, पण पुस्तक निवडणं बदललं. आता प्रत्येक नावाला एकच प्रश्न यायचा, "त्यात कुणी मरत न्हाई न्हवं?" विनोदी पुस्तकं आली, प्रवासवर्णनं आली, एकदा तर लोणच्यांचं पुस्तक आलं आणि आईनं तेही गंभीरपणे वाचलं. निवडण्याआधी पुस्तकाचं शेवटचं पान मी वाचून यायचं आणि "चालतंय" असं सांगायचं, हे माझं काम झालं. आई चिडायची. "पुस्तक काय करतंय? कागद हाय तो. शाई हाय." आमच्या घरात नवस नव्हते, उतारे नव्हते, शकुन-अपशकुन नव्हते. आजोबांनी धर्म बदलला तेव्हाच ते सगळं विहिरीत टाकलं होतं, असं आई अभिमानानं सांगायची. त्यामुळे मला वाटणारी भीती मी तिला सांगू शकत नव्हते. आमच्या घरात त्या भीतीला बसायला जागाच नव्हती.

बायका कमी होत गेल्या. एक दिवस मालतीताई आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "राग मानू नका हं. तुमच्या घरात देवघर नाही ना, म्हणून असं होत असेल. एकदा काहीतरी शांत करून घ्या."

आई सरळ त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "आमच्यात शांत करत नाहीत, मालतीताई. शांत राहतात."

मालतीताई परत आल्या नाहीत. त्या रात्री आई अण्णांशीही बोलली नाही, आणि मला वाटलं की अपमान लागला असेल. तो लागला होताच. पण ती तेव्हा दुसरंही काही घेऊन फिरत होती, हे मला माहीत नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती, गुऱ्हाळं सुरू झाली होती. गावाबाहेरून वारं आलं की काकवीचा वास घरात यायचा. लोणच्यांचं पुस्तक संपलं त्या शनिवारी आईनं पहिल्यांदाच स्वतः नाव सांगितलं. एरवी ती फक्त वाचायची. म्हणाली, "एक कादंबरी हाय. एका बाईच्या छातीत गाठ होते. तिची मुलगी कॉलेजात असते. ती बाई मरते."

 हौसाक्कानं कानडीत देवाचं नाव घेतलं. एकीनं घाईघाईनं कुठल्याशा विनोदी पुस्तकाचं नाव सांगितलं आणि मी दोन वाट्या मांडल्या. माझा चिंचोका मी विनोदी पुस्तकात टाकला. जवळजवळ फेकलाच. आईच्या वाटीत एकच पडला, तिचा स्वतःचा. ती बाहेर आली आणि म्हणाली, "माझं हरलं. पण या खेपेला मी तेच वाचणार हाय. ज्यांना यायचं त्यांनी या."

"बाई, हट्ट कशापायी?" कमलकाकू म्हणाली. "घरात तरणी पोरगी हाय तुमच्या."

"म्हणूनच," आई म्हणाली.

पुढच्या शनिवारी सतरंजीवर आई आणि मी. पुष्कळ वेळ कुणी आलं नाही. लेथचाही आवाज नव्हता, वीज गेली होती. मग कमलकाकू आली. (आमच्याकडच्या बाया स्वतःबद्दल पुरुषासारखंच बोलतात.) दारातूनच म्हणाली, "भ्यालोय मी, पण आलोय. वाचा." आईनं वाचायला सुरुवात केली. तिचा वाचनाचा आवाज नेहमी एकसारखा चालायचा, सुईत दोरा ओवल्यासारखा. पुस्तकातली बाई न्हाणीघरात जाते, अंगाला साबण लावते, आणि तिचा हात एका जागी थांबतो. तिथं आईचा आवाज थांबला. मला वाटलं, ओळ चुकली. ती पुढं वाचेना. पुस्तक मांडीवर होतं, डोळे अक्षरांवर होते आणि उजवा हात हळूहळू वर येऊन पदराखाली डाव्या बाजूला गेला होता. तिला स्वतःला ते कळलं होतं की नाही, कुणास ठाऊक. पुस्तकातल्या बाईचा हात आणि आईचा हात एकाच जागी थांबले होते.

कमलकाकू उठली, तिनं दार लावून घेतलं आणि आईच्या पुढ्यात येऊन बसली.

"कधीपास्नं?"

"नवरात्रापासून."

"मास्तरास्नी सांगितलंय?" काकू अण्णांना मास्तर म्हणायची, का ते माहीत नाही.

"कुणाला न्हाई. तोंडच उघडंना. वर्गात उभी राहते, फळ्यावर लिहिते, आणि वाटतं की आत्ता सांगावं, कुणालाबी." आई माझ्याकडे बघत नव्हती. "पुस्तकाचं नाव तेवढं घेता आलं."

मग काकू जे बोलली ते मी आजवर विसरलेले नाही. "मलाबी ठावं हुतं, बाई. नवरा गडहिंग्लजास्नं मुक्काम करून यायचा, तर शर्टाला खळ घातलेली असायची. मी कधी खळ घालत न्हाई. वरीसभर धूत हुतो ते शर्ट. कुणाला सांगू? आईला सांगितलं तर मरंल. म्हणून ते दोन घरांचं पुस्तक सांगितलं. म्हटलं, कुणीतरी वळखंल. तुमी सगळ्या हसला."

मी भिंतीला टेकून ऐकत होते.  इतके महिने आम्ही पुस्तकांना भीत होतो, ती काहीतरी आणतात म्हणून. आणि इथं या दोघी सांगत होत्या की पुस्तकानं काहीच आणलं नव्हतं. घरात होतं तेच पुस्तकाचं नाव घेऊन बाहेर आलं होतं, आणि आम्ही वाट्या मांडत बसलो होतो. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी उठून आईच्या पाठीला चिकटून बसले, लहानपणी बसायचे तशी. ती म्हणाली, "रडू नकोस, मला रडायला जागा ठेव."

त्याच संध्याकाळी तिनं अण्णांना सांगितलं. मिरजेला ऑपरेशन झालं. अण्णांनी कारखान्यातून रजा काढली आणि दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. बोलायचे नाहीत, फक्त मधूनमधून आपल्या हातांवरचे लोखंडाचे काळे डाग चोळत राहायचे. मी घर सांभाळत होते. गल्लीतल्या ज्या बायकांचं येणं बंद झालं होतं त्या डबे घेऊन आल्या. एक दिवस मालतीताईंच्या घरूनही सांजा आला. त्या स्वतः आल्या नाहीत. आई वाचली, पुढं पुष्कळ वर्षं जगली, नातवंडांना तिनं अक्षरं शिकवली. पुस्तकातली बाई मेली होती. आई म्हणायची, "मी शेवट पाळला न्हाई."

पण नदीचं पुस्तक राहिलं ते राहिलंच. आई बरी होऊन आल्यावर मी हौसाक्काला विचारलं. वाटलं, तम्माच्या मनात काही होतं आणि तिला ते कळलं असेल. तिनं माझा हात धरला. "न्हाई गं बाळ. तम्मा त्या सकाळी हसत हुता. भाकरी खाऊन गेलता. मला काय बी ठावं न्हवतं, आणि ते नाव मी घेतलं न्हाई." आई म्हणायची, गलक्यात कुणीतरी बोललं असेल आणि विसरलं असेल. असं म्हणून ती विषय बदलायची. इतक्या वर्षांत मी त्यातल्या प्रत्येकीला कधी ना कधी विचारलं आहे. सगळ्यांना तो आवाज आठवतो. सावकाश, स्पष्ट. एक म्हणते तो कमलचा होता, कमलकाकू म्हणायची तो आईचा. आणि गेल्या उन्हाळ्यात त्यांच्यातली एक, आता फार थकलेली, माझ्याकडे बघून सहज म्हणाली, "का गं, तूच की. आत स्वयंपाकघरातनं तूच सांगितलंस." मी त्या वेळी तसलं कुठलंही पुस्तक वाचलेलं नव्हतं. मी तिच्याशी वाद घातला नाही. चहा पिऊन घरी आले, आणि त्या रात्री दिवा चालू ठेवून झोपले.

ऑपरेशननंतर आईला फार वेळ वाचता यायचं नाही. दम लागायचा, डावा हात उचलत नसे. म्हणून शनिवारचं वाचन माझ्याकडे आलं. पहिल्या शनिवारी खोली भरली होती. पुढचं पुस्तक निवडायचं होतं, पण कुणी नाव घेईना. आता सगळ्यांना कळलं होतं. नाव घेतलं की घर उघडं पडणार. बायका एकमेकींकडे बघत, भडंग चिवडत बसल्या होत्या. कुणाच्या ओठांवर काय येतंय ते बघायची मला भीती वाटत होती.

त्या दिवशी हौसाक्कानं एक नवी पोरगी बरोबर आणली होती. सुनीता. हुपरीची, वर्षापूर्वी लग्न होऊन आमच्या गल्लीच्या टोकाला आलेली. ज्या गावात घरोघरी पैंजण घडतात तिथली ही पोर, आणि तिचे पाय मोकळे होते. ती आत आली तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. दाराजवळ बसून होती. शांततेतच तिनं एका पुस्तकाचं नाव घेतलं.

सगळ्या वळल्या. आईनं विचारलं, "काय हाय त्यात?"

"सासरची माणसं सुनंला जाळत्यात." ती सतरंजीच्या काठाकडे बघून बोलत होती.

"तू वाचलंयस?"

"न्हाई. माझी मैत्रीण सांगत हुती." मग हळूच, "मी ऐकलंय की हितं नुस्तं पुस्तकाचं नाव घ्यायचं असतंय. बाकी काय सांगाय लागत न्हाई."

कुणी वाट्या मागितल्या नाहीत. कुणी म्हणालं नाही, त्यात कुणी मरतं का. कमलकाकू उठून तिच्याशेजारी जाऊन बसली आणि तिच्या हाताची बाही हलकेच वर केली. तिला काय दिसलं ते मला दिसलं नाही. काकूनं बाही परत खाली केली, एवढं दिसलं. "आज तू घरला जायचं न्हाईस," ती म्हणाली, आणि सुनीतानं नुसती मान हलवली. तेच ऐकायला ती आली होती.

तासाभरात तिची सासू दारात आली. "सुनीता, चल की. किती वेळ ते बसनं?" आवाजात काही वावगं नव्हतं, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता. आई भिंत धरत उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. तिच्यामागं हौसाक्का उभी राहिली, तिनं दार पूर्ण भरून टाकलं.

"ती हितंच राहणार हाय," आई म्हणाली.

"का म्हणं?"

"पुस्तक वाचायला घेतलंय. संपंपर्यंत राहील."

सासूनं आत डोकावून बघितलं. हौसाक्काच्या मागं एकेक बाई येऊन उभी राहत होती. सासू निघून गेली.

अण्णांनी संध्याकाळीच हुपरीला निरोप पाठवला. आमच्या खोलीत त्या रात्री सुनीता माझ्याशेजारी झोपली, आणि इतकी गाढ झोपली की मी दोनदा तिचा श्वास चालतोय का ते बघितलं. पुढं काय झालं ते सांगून टाकते. ती माहेरी गेली, भावांबरोबर चांदीकामाला बसली, सोडचिठ्ठीला वेळ लागला पण मिळाली. आज तिच्या हाताखाली बाया काम करतात.

ते पुस्तक आईच्या कपाटात होतं. रविवारी सकाळी सगळ्या परत आल्या आणि मी ते वाचू लागले. दुपार झाली. सुनीता मांडी घालून ऐकत होती. शेवटची थोडी पानं उरली असताना तिचा भाऊ आला, हुपरीच्या गाडीनं, घामेजलेला. दारात उभा राहिला. कमलकाकूनं त्याला पाणी दिलं. मी पुस्तक मिटायला लागले. पुढं काय येतंय ते मला माहीत होतं, मी शेवटचं पान आधीच बघितलं होतं.

"मिटू नका, ताई," सुनीता म्हणाली. "शेवट वाचा की."

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "वाच."

मी वाचलं. रॉकेलच्या वासापासून शेवटच्या ओळीपर्यंत, एक शब्द न गाळता.  सुनीता माझ्या तोंडाकडे बघत होती, डोळे न मिटता, दूरच्या नात्यातल्या कुणाची तरी बातमी ऐकावी तशी. पुस्तकातली पोर मेली.

"संपलं?" तिनं विचारलं.

"संपलं."

ती उठली, पदर झटकला, आणि भावाला म्हणाली, "चल."